राजाची सही, शिक्का आणि दर्यापूरचा अर्धा कागद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.

या भागाची सुरुवात एका प्रश्नानं करतो. जुन्या कागदांवर बोलायला लागल्यापासून सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला हा प्रश्न: "दादा, आमच्या घरी राजाची सही असलेला फौजेचा कागद आहे. किती येतील?"

सैन्यात अधिकारी नेमताना राजा जो लेखी अधिकार देतो, त्याला इंग्रजीत कमिशन म्हणतात. आता अकोल्याच्या बाजारात कमिशन म्हटलं की अडत्याची दलालीच डोळ्यांपुढं येते. मी पहिल्यांदा घरी सांगितलं की मी कमिशनचे कागद जमवतो, तेव्हा वडिलांना वाटलं पोरगा दलालीत पडला. आपल्याकडचा शब्द सनद. राजा म्हणतो, अमक्याला अमुक हुद्दा दिला, त्याचं ऐका, त्याच्या खर्चाला हे गाव लावून दिलं. इंग्रजांचं कमिशन नुसता हुद्दा देतं, आपली सनद बहुधा हुद्द्याबरोबर गावाचा महसूलही देते. कागद दोन तऱ्हेचे, पण गोष्ट एकच: राजा एका माणसावर फौजेची जबाबदारी टाकतोय.

आणि "किती येतील?" याचं माझं उत्तर आज असं आहे की सही किंवा शिक्का शेवटी बघा, आधी कागदावरचा माणूस बघा. हे शहाणपण मला दोनदा आपटल्यावर आलं. दोन्ही किस्से सांगतो, पण आधी हे कागद आपल्या वऱ्हाडात एवढे का सापडतात ते पाहू.

फौजेसाठी गहाण पडलेला मुलूख

अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर या पट्ट्यात एकाच घराच्या पेटीत मोडी, फारसी आणि इंग्रजी असे तिन्ही कागद निघू शकतात. कारण इथं एका वेळी एकच धनी कधी नव्हता.

अठराव्या शतकात वऱ्हाडात दोअमल होता, म्हणजे निजामाचाही अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचाही. भोसल्यांची पदवी होती 'सेनासाहेबसुभा'. शब्दातच फौज आहे. ही पदवी साताऱ्याच्या छत्रपतींकडून यायची. नागपूरकर भोसले कितीही बलाढ्य झाले तरी कागदावर ते छत्रपतींनी नेमलेले सेनाधिकारी होते. पहिल्या रघूजींच्या शिक्क्यातसुद्धा शाहू महाराजांचं नाव आहे. आणि हे सेनासाहेबसुभा पुढं आपल्या हाताखालच्या पथक्यांना, शिलेदारांना सनदा देत.

मग १८०३ आलं. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला अचलपूरजवळच्या देवगावला तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं आणि निजामाकडे आलं.

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिंजंट. तिची एक छावणी आपल्या एलिचपुरात, म्हणजे अचलपुरात. फौजेचा खर्च निजामानं द्यायचा, तो थकला, आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे लावून देण्यात आला. सरळ भाषेत सांगायचं तर फौजेच्या पगारापायी आपलं वऱ्हाड गहाण पडलं. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्यानं गेलं, आणि १९०३ मध्ये ती फौजही ब्रिटिश हिंदी सैन्यात विरली. तिच्याच पलटणींतून पुढं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. आजही तिच्या दुसऱ्या पलटणीला 'बेरार' हे नाव लागतं. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. रानीखेतच्या रेजिमेंटमध्ये आपलं नाव का, याचं उत्तर या कागदांत आहे.

माझी पहिली आपटी: जॉर्जची सही

आता इंग्रजी कमिशन. मोठा जाड कागद, जुना असेल तर चर्मपत्र. राजाची सही खाली नाही, वर डाव्या कोपऱ्यात असते, हे लक्षात ठेवा. तिच्या आसपास उठावाचा शिक्का. मग राजा त्या अधिकाऱ्याला नावानं संबोधतो, तुझ्या निष्ठेवर, धैर्यावर आणि वागणुकीवर आमचा विश्वास आहे म्हणतो, आणि हुद्दा देतो. मजकूर छापील असतो. नाव, हुद्दा आणि तारीख तेवढी हातानं भरलेली.

मी अमरावतीत एका जुन्या वस्तूवाल्याकडून असा एक कागद घेतला होता. पहिल्या महायुद्धातला, एका इंग्रज लेफ्टनंटचा. वर 'जॉर्ज' आणि पुढं 'आर. आय.', म्हणजे रेक्स इम्पेरेटर, राजा आणि सम्राट. बावीसशे रुपये दिले, त्या काळी माझ्यासाठी बरीच रक्कम होती. महिनाभर जो येईल त्याला दाखवला: पाहा, पंचम जॉर्जनं हात लावलेला कागद आपल्या घरात आहे.

पुढं एका संग्राहकाकडे तसाच दुसरा कागद पाहिला. दोन्हींचे फोटो एकावर एक ठेवले आणि सही तंतोतंत जुळली. वळण तेच, जाडी तीच, शेवटचा फराटा तिथंच संपतो. आता सांगा, माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करतो का? ती सहीच्या ठशाची छाप होती. महायुद्धात हजारोंनी अधिकारी नेमले गेले, राजा कुठं कुठं सही करणार?

म्हणजे कागद खोटा होता का? अजिबात नाही. कागद अस्सल होता, नेमणूक अस्सल होती, फक्त सही हाताची नव्हती. विकणाऱ्यानं फसवलं असंही म्हणत नाही, त्यालाही ठाऊक नसावं. चूक माझी, कारण मी फक्त कोपरा विकत घेतला. त्या लेफ्टनंटचं पुढं काय झालं, हे शोधायचं महिनाभर मला सुचलंही नाही.

ही अडचण राजांनाही जुनीच. व्हिक्टोरिया राणी आधी स्वतः सह्या करायची. कागदांचा ढीग इतका साचला की १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला: राणीची सही नसली तरी कमिशन वैध. त्यामुळं त्यानंतरच्या कागदावर राणीची सही नाही म्हणून तो बनावट ठरत नाही.

ओळखायच्या दोन-तीन साध्या खुणा सांगतो. भिंगाखाली हातच्या सहीत शाई कुठं दाट, कुठं फिकी दिसते, टाकाचा दाब दिसतो, रेघा एकमेकींना ओलांडतात तिथं शाई साचते. ठशात शाई सपाट असते. दुसरं, 'आर. आय.' मधला 'आय' म्हणजे सम्राट. राणीनं भारताची सम्राज्ञी ही पदवी १८७७ पासून लावली आणि सहाव्या जॉर्जनं २२ जून १९४८ ला सम्राटपद रीतसर सोडलं. १८७० च्या कागदावर ते अक्षर असेल तर थांबा आणि विचार करा.

तिसरी खूण माणसाची. भारतीयांना राजाचं पूर्ण कमिशन मिळायला १९१७ उजाडावं लागलं, आणि नंतरही सँडहर्स्टला वर्षाला जेमतेम दहा जागा होत्या. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी निघाली तेव्हा कुठं दार जरा उघडलं. त्याआधी आपला शिपाई वाढून वाढून जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर व्हायचा. ते व्हाइसरॉयचं कमिशन. लष्करी डॉक्टर हा मोठा अपवाद, त्या खात्यात भारतीय आधीपासून होते. तेव्हा कुणी १९०० सालच्या मराठी सुभेदाराचा "राजाच्या सहीचा" कागद दाखवला, तर तो व्हाइसरॉयकडचा असण्याचा संभव जास्त. त्यानं त्याची किंमत कमी होत नाही बरं का. माझ्या मते वाढते, कारण तो आपल्या माणसाचा आहे.

आपल्याकडे सही नसतेच

ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत ते राजाची सही शोधत बसतात. ती मिळत नाही, कारण आपल्या राजांची रीत वेगळी. कागदाच्या माथ्यावर राजाचा शिक्का आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे शेवटचा छोटा शिक्का. शिवछत्रपतींच्या पत्रांवर तो 'मर्यादेयं विराजते' असा दिसतो. अर्थ असा की मजकुराची हद्द इथं संपली. यापुढं कुणी दोन ओळी घुसवल्या तर त्या राजाच्या नाहीत. म्हणजे वरचा शिक्का सांगतो कोण बोलतंय, आणि मोर्तब सांगतं की बोलणं कुठं थांबलं.

फारसी कागदांतही मोहरेचं काम मोठं. बादशहाचं फर्मान, शहजाद्याचं निशाण, अधिकाऱ्याचा परवाना, अशी नावंच वेगळी. मनसबीच्या कागदात 'जात' आणि 'सवार' असे दोन आकडे येतात. जात म्हणजे माणसाचा दर्जा, सवार म्हणजे त्यानं ठेवायचे घोडेस्वार.

मोडी कागद लांब असेल तर एकाखाली एक बंद चिकटवलेले असतात. कुणी मधला बंद बदलू नये म्हणून जोडावर मागून लहान शिक्का मारलेला आढळतो. अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझी दुसरी आपटी इथंच आहे.

दुसरी आपटी: बिनमुंडक्याचा कागद

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी मोडी कागदाचा एक तुकडा विकत घेतला. वीतभर लांब, माथ्यावर पहिल्या रघूजी भोसल्यांचा सुरेख शिक्का, खाली पाच ओळी. त्यात कामगारांना उद्देशून मायना आणि साल: 'खमसैन मया व अलफ'. हे सुहूर सन. खमसैन म्हणजे पन्नास, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११५०. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतं, १७४९-५०. सहाव्या ओळीला वाक्य तुटत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, शिक्का होता ना! मी तो फ्रेम करून बैठकीत लावला. फ्रेमवाल्यानं तो प्लायवर चिकटवला आणि मी समोर उभा राहून चिकटवू दिला.

गेल्या वर्षी मोडीवरचा भाग ऐकून दर्यापूरकडच्या एका शिक्षकांनी फोटो पाठवला. कागद मधूनच सुरू होत होता. माथा नाही, शिक्का नाही, साल नाही. त्यांनी लिहिलं होतं, "आमचे पूर्वज सरकारात कामाला होते असं यात आहे म्हणतात. पण मुंडकं नाही म्हणून कुणी मानत नाही."

मी मोडी वाचायला घेतलं. दहा स्वारांचा शिलेदार, त्याचं नाव, गावाचं नाव. पुढं 'कामास आला'. मग त्याच्या लहान मुलाचं नाव, आणि 'बालपरवेशी'.

इथं जरा थांबतो. जुन्या मराठीत 'कामास आला' म्हणजे कामाला लागला नव्हे. त्याचा अर्थ लढाईत मारला गेला. आणि बालपरवेशी म्हणजे लढाईत पडलेल्याच्या पोरांच्या पोटासाठी लावून दिलेलं उत्पन्न. कुणीतरी कधीकाळी त्या घराला शब्दाला शब्द ठेवून वाचून दाखवलं होतं, आणि दोन-तीन पिढ्या ते लोक समजत होते की आपला मूळपुरुष सरकारी नोकर होता.

मग फोटोतला पहिला अर्धवट शब्द पाहिला आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. माझ्या शेवटच्या ओळीतलं तुटलेलं वाक्य त्यांच्या पहिल्या ओळीत पुरं होत होतं.

खरं सांगतो, पहिला विचार चांगला आला नाही. वाटलं, त्यांचा तुकडा विकत मिळाला तर आपली सनद पूर्ण होईल. 'आपली' हाच शब्द मनात आला. दोन दिवस मी त्यांना उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "त्या पोराचं नाव काय होतं म्हणालात?" आणि मला आठवेना. शिक्क्याचा व्यास मात्र पाठ होता.

कागद प्लायवरून सोडवायला एका जाणकारांकडे दिला. थोडा थोडा ओलावा देत तीन दिवस लागले. मागचा जोडशिक्का अर्धा वाचला, अर्धा प्लायवरच राहिला. तो गेला, आणि तो माझ्यामुळं गेला.

मग एका रविवारी एसटीनं दर्यापूर गाठलं आणि तिथून त्यांचं गाव. घरात शिक्षकांच्या वयस्कर आत्या होत्या. पाटावर पांढरं कापड टाकून दोन्ही तुकडे जुळवले. कड कडेला लागली, शिक्क्याची उरलेली रेघ रेघेला लागली. आत्या म्हणाल्या, "भेटलं वं बाई मुंडकं!"

मी सलग वाचून दाखवलं. बाप कामास आला, म्हणून लेकराच्या पोटाला हे उत्पन्न चालवावे. आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आमी थ्या पोराचे." कोणती लढाई, असं शिक्षकांनी विचारलं. कागदात लढाईचं नाव नाही. १७४० च्या दशकात भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसाच्या मोहिमांवर जात होत्या, हे मी त्यांना सांगितलं. पण तो माणूस तिकडेच पडला, असं म्हणायला आधार नाही, हेही सांगितलं.

तुकडा मी तिथंच ठेवून आलो. पैसे विचारले त्यांनी, मी घेतले नाहीत. यात मोठेपणा नाही. शिक्का माझ्याकडे बारा वर्षं होता आणि बारा वर्षं तो मुका होता. माझ्याकडे आता दोन्ही तुकड्यांचा चांगला स्कॅन आहे, आणि बैठकीच्या भिंतीवर चौकोनी डाग.

तुमच्या घरी असा कागद असेल तर

आता कामाच्या गोष्टी, पटापट.

पहिलं, लॅमिनेशन करू नका. सेलोटेप नको, डिंक नको, प्लायवर चिकटवणं तर नकोच. प्लास्टिकमध्ये बंद झालेला कागद पुन्हा सोडवताना जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात अंग भाजतं आणि पावसाळ्यात भिंती पाझरतात, दोन्ही वाईट. चर्मपत्र तर हवेच्या ओलाव्यावर आखडतं, फुगतं. पत्र्याच्या छताखालची पेटी, बाहेरची भिंत आणि ऊन टाळा. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून कसर लागली का ते पाहा.

दुसरं, आधी फोटो काढा. पुढून, मागून, आणि उजेडासमोर धरून. हातकागदात जाळीच्या रेषा दिसतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या गावांत असा कागद बनत असे. इंग्रजी गिरणीच्या कागदात पाण्याची छाप असते, कधी सालही असतं. छापेतलं साल १८२० आणि मजकुरातलं १७८० असेल तर तो कागद फार तर नंतर केलेली नक्कल आहे. नक्कल म्हणजे लबाडी असं नाही. इनामांच्या चौकश्यांत लोकांनी रीतसर नकला करून दिल्या आहेत.

तिसरं, साल आणि शिक्का जुळतात का पाहा. पहिले रघूजी फेब्रुवारी १७५५ मध्ये वारले. त्यानंतरच्या सालावर त्यांचा शिक्का दिसला तर विचारपूस करा. आणि पुढं दुसरे व तिसरे रघूजीही झाले, हे विसरू नका.

चौथं, कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की ते पुरावशेष ठरतं. ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातलं कुणी ऑनलाइन भाव सांगून "पोस्टानं पाठवा" म्हणालं, तर तो भाव कितीही असो, नाही म्हणा.

पाचवं, गठ्ठा फोडू नका. भावाभावांत वाटणी करताना शेत वाटा, भांडी वाटा, कागद वाटू नका. एकाकडे ठेवा आणि सगळ्यांना स्कॅन द्या. सनदेसोबतची चिठ्ठी, हिशोबाचा फाटका ताव, वंशावळ, हे सगळं मिळून तो कागद बोलतो. वाचता येत नसेल तर मोडी जाणणारे आता बरेच आहेत, नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयातही विचारता येतं. पण शब्दाला शब्द ठेवून वाचणाऱ्यापासून सांभाळा. 'कामास आला' चा घोळ मी सांगितलाच.

तर "किती येतील?" मला विचाराल तर मी उलट चार प्रश्न विचारीन. नाव कुणाचं आहे? त्याला काय दिलं? कशासाठी दिलं? आणि बाकीचा कागद कुठं आहे? त्यांची उत्तरं मिळाली की सहीकडे वळू.

त्या इंग्रज लेफ्टनंटचा शोध मी आता सुरू केला आहे. त्याच्या घरच्यांचं कुणी सापडलं तर पुढच्या एखाद्या भागात सांगीन. तोवर पेट्या उघडून पाहा, आणि मागची बाजूही पाहा. भेटू.